मोटर भरणारीचा अर्ज

मंगळवार, ३ फेब्रुवारी

ऋतुजा मॅडमनी सांगितलं म्हणून ही वही सुरू केली. नाहीतर रोज लिहून ठेवावं असं माझ्याकडं काय आहे?

आज माजलगावात महिलांचा रोजगार मेळावा होता. माझी लेक जिनत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे, तिला पुढची माहिती काढायची होती. मी नुसती सोबत गेले होते. तिचं बोलणं होईपर्यंत शेजारच्या खुर्चीवर बसले, तर समोरच्या ऋतुजा मॅडमनी माझ्याच हातात फॉर्म दिला. विचारलं, ताई, तुम्ही काय करता? मी म्हणाले, काही नाही, घरीच असते. मग फारच कोरडं वाटलं म्हणून म्हणाले, नवऱ्याच्या दुकानात थोडी मदत करते. कसली मदत? मी म्हणाले, मोटरी भरते.

त्यांना कळलं नाही. मग सांगावं लागलं. विहिरीवरची, बोअरमधली मोटर जळते म्हणजे तिच्या आतली तांब्याची तार जळते. ती सगळी तोडून काढायची, किती फेरे होते ते मोजायचे, खाचा साफ करायच्या, नव्या तारेचे वेढे करून परत खाचांत बसवायचे. मोटर परत पाणी ओढते. एवढंच.

मॅडमनी पेन खाली ठेवला आणि माझ्या हातांकडं बघत बसल्या. मला लाज वाटली, वार्निशचे डाग काही केल्या जात नाहीत. मी हात पदराखाली घेतले.

त्यांच्याकडं एक जाहिरात होती. एका पंप कंपनीचं सर्व्हिस सेंटर बीडला, पालीकडं जाणाऱ्या हायवेला सुरू होतंय. वाइंडिंग विभागाला प्रमुख पाहिजे. बायोडाटा पाहिजे आणि सोबत एक पान, स्वतःबद्दल. शेवटची तारीख वीस. जिनत म्हणाली, अम्मी, भर. मला हसू आलं. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, रोज काय काय केलं ते लिहा, दहा-बारा दिवसांनी वाचा, मग ठरवा.

घरी आल्यावर जिनतच्या अब्बांना सांगितलं. त्यांना तालखेडला मोटर वर काढायची होती, तिकडं निघून गेले.


बुधवार, ४ फेब्रुवारी

काय काय केलं ते लिहायचं आहे, तर लिहिते.

सकाळी पाच एचपीची एक मोटर उघडली. वरची तार जळून कोळसा झालेली, आतली बरी होती. मोटरीचा मालक म्हणत होता व्होल्टेजनं गेली. मला जळक्या वासावरून आणि एकाच बाजूच्या काळेपणावरून वाटलं की एक फेज नव्हता. त्याला म्हणाले, आधी डीपीवरचा फ्यूज बघून घ्या, नाहीतर ही पण जाईल. त्यानं फोन लावला तर खरंच एक फ्यूज उडालेला होता. मग स्वयंपाक. मग खाचांत कागद घालून ठेवला. दुपारी भाकरी खाऊन तीन वाजेपर्यंत तार भरली. मग धुणं. मग तारेचे सांधे सोल्डरनं डागले, सिरीजमध्ये दिवा जोडून तपासली.

हे वाचून कंपनी काय करणार?

जिनतच्या अब्बांनी गिऱ्हाईक सांभाळलं. भरायचं काम त्यांना आवडत नाही, कधीच आवडलं नाही असं आता वाटतं. तार घेऊन बसले की चिडचिड व्हायची. म्हणून मीच हळूहळू अंगावर घेतलं. बाहेरचं काम, चार माणसं घेऊन बोअरमधून मोटर ओढायची, ते त्यांना बरं वाटतं. बारीकसारीक कामाचा त्यांना कंटाळा. चहासुद्धा अर्धाच कप घेतात, भरला तर ओरडतात.


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

‘स्वतःबद्दल’ लिहायला बसले. एक तास गेला.

घरात आमची बोली दखनी, पण शाळा मराठी, बारावीपर्यंत. लिहिता येत नाही असं नाही. पण ‘मी’ लिहून पुढं काही येईना. ‘आमच्या दुकानात मोटरी भरल्या जातात’ असं लिहिलं. जिनत म्हणाली, कोण भरतं? ‘मोटरी भरण्याचे काम पाहिले जाते’ असं केलं. ती म्हणाली, अम्मी, कोण पाहतं? तिनं मोबाईलवर एक तयार नमुना काढून दिला. ‘मी एक कष्टाळू, ध्येयवादी व आत्मविश्वासू व्यक्ती आहे.’ हे मी माझ्या अक्षरात उतरवलं आणि वाचलं. ही बाई कोण आहे ते मला माहीत नाही.

मॅडमना फोन केला. म्हटलं, बाजारात कणसं विकायला बसल्यासारखं आपणच आपल्याला कसं विकायचं? बढाई मारल्यासारखं वाटतं. त्या म्हणाल्या, न केलेलं सांगितलं तर बढाई. तुम्ही केलेलं लपवताय, तेही खरं नाही. मग विचारलं, आतापर्यंत किती मोटरी भरल्या? मला सांगता आलं नाही. त्या म्हणाल्या, आधी ते शोधा.


शनिवार, ७ फेब्रुवारी

प्रत्येक मोटर उघडली की मी तिचं मोजमाप लिहून ठेवते. खाचा किती, फेरे किती, तार कितीची, गाव कोणतं. तशीच मोटर परत आली तर उपयोगी पडतं. त्या वह्या पोटमाळ्यावर होत्या. जिनत वर चढली आणि एकेक खाली देत गेली. सात निघाल्या. सगळ्यात जुनीची पानं वार्निशनं चिकटली होती, सुरीनं सोडवावी लागली.

जिनत मोजत होती, मी पुढची वही पुसत होते.  हजाराला तिनं माझ्याकडं बघितलं. शेवटी तिनं आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला आणि दोनदा गोल केला. दोन हजार चारशे एकोणीस.

मी पुन्हा मोजायला लावलं. तेवढेच आले.

त्या आकड्याकडं बघत बसले. आमच्या गल्लीत एवढी माणसं नाहीत. आमच्या सगळ्या नातेवाइकांत नाहीत. एवढ्या ठिकाणी, जमिनीखाली, अंधारात, मी बसवलेली तार आहे. मला थोडी भीती वाटली. ही कामं मी केली कधी? मला तर आठवतं की मी रोज भाकरी करत होते.


रविवार, ८ फेब्रुवारी

मॅडम म्हणाल्या होत्या, प्रमाणपत्र नाही तर गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या आणा. म्हणून जिनतच्या स्कूटीवर पात्रुडला गेलो. तिथून आत एका वस्तीवर छबुबाई राहतात. वहीत त्यांचं नाव सात वर्षांपूर्वी आहे, नंतर एकदाही नाही. म्हणजे एकतर मोटर दुसरीकडं दिली, नाहीतर बिघडलीच नाही.

छबुबाई सत्तरीच्या, कोरड्या बोलण्याच्या. मोसंबीच्या झाडाखाली शेंगा फोडत बसल्या होत्या. मोटरीचं विचारलं तर म्हणाल्या, ती खालीच हाय, कुटं जाती? चारशे दहा फुटावर. सात वर्षांत वर काढलीच नाही.

मग सांगत गेल्या. मोसंबीची दोनशे झाडं त्या पाण्यावर आहेत. दोन म्हशी. ज्या साली सगळ्या विहिरी आटल्या, त्या साली वस्तीवरची अठरा घरं इथूनच पाणी न्यायची. शाळेची टाकीपण इथूनच भरते. त्यांनी बोट दाखवलं तिकडं शाळा दिसत होती, रविवार म्हणून बंद. भिंतीला खाली चार नळ, पोरांच्या उंचीचे. छत्तीस पोरं आहेत म्हणाल्या.

जिनत म्हणाली, ही मोटर माझ्या अम्मीनं भरली.

छबुबाई म्हणाल्या, मतीन उस्तादनं भरली, म्हणजे जिनतच्या अब्बांनी. मी खाली बघितलं. मला म्हणता आलं असतं, हो त्यांनीच. तोंडात आलंही होतं. पण त्या नळांकडं बघून खोटं बोलवलं नाही. मी एवढंच म्हणाले, मीच भरली, जिनतला तेव्हा कांजण्या आल्या होत्या, तिचं डोकं मांडीवर घेऊन भरली.

म्हातारी उठली. मला वाटलं रागावली. तिनं स्टार्टरचं बटण दाबलं, माझा हात धरला आणि बोअरच्या पाइपपाशी नेलं. म्हणाली, “कान लाव, माय.”

मी वाकून लोखंडी पाइपला कान लावला. आधी काही नाही. मग खूप खालून, चारशे फुटांवरून, तो आवाज. एकसारखा. कुठं खरखर नाही, कुठं अडकणं नाही. मी दुकानात रोज मोटर चालू करून बघते, पण तो टेबलावरचा आवाज असतो. ही तिथं एकटी सात वर्षं चालली होती आणि मला माहीतच नव्हतं. पाइप थरथरायला लागला, पाणी चढत वर आलं, आणि माझ्या कानाखालून हौदात पडायला लागलं. मी कान काढला नाही. जिनतनं हाक मारली तेव्हा कळलं की अर्धी ओली झाले आहे.

छबुबाईंनी चिठ्ठी जिनतकडून लिहून घेतली. “लिव, सात वर्सं झाली, मोटर खाली हाय, अजून वर आली न्हाई. बस झालं.” आणि अंगठा दिला.


शुक्रवार, १३ फेब्रुवारी

जे व्हायला नको होतं ते झालं. छबुबाईंच्या वस्तीवरची गोष्ट गावोगाव फिरली.

नित्रुडचे राधाकिशन सकाळी दुकानात आले. मोठे बागायतदार, पंधरा एकर ऊस, आवाज त्याहून मोठा. दुकानात चार-पाच माणसं बसलेली. मी आत पडद्यामागं तार भरत होते. ते बाहेरूनच म्हणाले, “काय बे मतीन, मोटरी बायको भरती म्हणं तुजी? आन आमी उस्ताद उस्ताद म्हणत तुला चहा पाजतो.”

माणसं हसली. मी हातातला वेढा धरून तशीच थांबले. मला वाटलं, आता जिनतचे अब्बा म्हणतील, कोण सांगितलं, बायका काहीही बोलतात. ते म्हटले असते तर मी रागावले नसते. पण ते स्टुलावरून उठले, बाहेर गेले, मोटरसायकल चालू करायला त्यांना तीनदा किक मारावी लागली.

राधाकिशन आपली मोटर न टाकताच निघून गेले. म्हणाले, बीडला नेतो, तिथं माणसं भरतात.


शनिवार, १४ फेब्रुवारी

बोलणं बंद आहे. जेवण ताटात वाढते, ते खातात, ताट सरकवतात.

चूक माझी आहे. या दुकानाला मतीन उस्तादचं नाव आहे. त्यांनी ते पंचवीस वर्षांपूर्वी एका पत्र्याखाली सुरू केलं. मला तारेचा पहिला वेढा कसा करायचा ते त्यांनीच शिकवलं. मी स्वतःला वर चढवायला गेले आणि पाय त्यांच्या खांद्यावर दिला. आणि कशासाठी? एका पानासाठी, जे मला लिहितासुद्धा येत नाही.

अर्ज फाडला. जिनत रडली, मला वाटलं नव्हतं ती रडेल. सौर पंप आल्यापासून मोटरी कमी येतात, नवे पंप कंपनीच दुरुस्त करते, हे मलाही दिसतं. आणखी दोन-तीन वर्षांनी काय, ते तिला कळतं. पण तरी.


सोमवार, १६ फेब्रुवारी

काल रात्री लिहिणं झालं नाही. आज सगळं आठवून लिहिते. 

काल संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी जिनतच्या अब्बांनी मला बाहेर बोलावलं आणि माझ्यासमोर एक कागद ठेवला. दुकानाच्या लेटरहेडवर, त्यांच्या अक्षरात. त्यांचं अक्षर मी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं, बिलं जिनत करते. ओळी खालीवर गेलेल्या, काही अक्षरं दोनदा गिरवलेली. वर लिहिलं होतं, अनुभवाचा दाखला. मी तो इथं उतरवते.

‘दाखला देतो की गौसिया मतीन शेख या आमच्या दुकानात काम करतात. सन २०१५ पासून आजपर्यंत या दुकानात भरलेल्या सगळ्या मोटरी त्यांनी भरल्या आहेत. मी भरलेल्या नाहीत. माझ्या हाताची शेवटची मोटर २२ मार्च २०१५, साडेसात एचपी, गंगामसला. ती आठ दिवसांत जळून परत आली. ती पण यांनीच परत भरली. त्यांच्या हातची मोटर परत आल्याचे मला आठवत नाही. मतीन शेख.’

मी दोनदा वाचला. त्या तारखेवर थांबले. विचारलं, ही तारीख तुम्हाला कशी लक्षात?

ते म्हणाले, “ज्या दिवशी हात गेले तो दिवस माणूस इसरत न्हाई.”

मग त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले. नुसते धरले. बोटं हलत होती, थांबतच नव्हती, वाऱ्यावर पान हलावं तशी. मी त्यांच्याबरोबर तेवीस वर्षं राहते. मी ते हात असे समोर धरलेले कधी बघितले नव्हते, कारण ते कधी खिशात असायचे, कधी स्टुलाच्या कडेला घट्ट धरलेले, कधी मोटरसायकलच्या हँडलवर. मग त्यांनी सांगितलं, अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तेव्हाच म्हटलं होतं, बारीक काम होणार नाही. त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. मी समजत राहिले की कंटाळा आहे. अर्धा कप चहा. तो भरला की का ओरडायचे, ते आत्ता कळलं.

मी रडायला लागले तर म्हणाले, रडू नको, कागद ओला होईल, मला परत लिहिता येणार नाही.

मी विचारलं, राधाकिशनला त्या दिवशी उत्तर का दिलं नाही? ते म्हणाले, काय देणार होतो? तो खरं बोलत होता. आणि अकरा वर्षं माझी भीती हीच होती की कुणीतरी खरं बोलेल. आता बोलून झालं. काही आभाळ पडलं नाही, आज चार मोटरी आल्याच.


बुधवार, १८ फेब्रुवारी

अर्ज गेला. जिनतनं पाठवला, छबुबाईंचा अंगठा आणि अब्बांचा दाखला स्कॅन करून जोडला. उद्यापासून रोजे आहेत, म्हणून आजच उरकलं.

‘स्वतःबद्दल’चं पान एका बैठकीत झालं. ‘मी मोटर भरते’ असं पहिलं वाक्य आहे. नंतर सगळी वाक्यं ‘मी’नं सुरू झाली आणि एकदाही अडखळले नाही. आकडा घातला. मोटर उघडल्यावर ती कशानं जळाली ते मला कळतं, आणि ते मालकाला सांगितल्याशिवाय मी ती परत देत नाही, हेही घातलं. कष्टाळू, ध्येयवादी असलं काही घातलं नाही. शेवटी लिहिलं, मला हे काम मतीन उस्तादांनी शिकवलं.


गुरुवार, ५ मार्च

बीडला बोलावणं आलं होतं. आज जाऊन आले. हात अजून गरम आहेत.

शेड एवढं मोठं की आमची सगळी गल्ली आत मावेल. पांढरा उजेड, स्वच्छ फरशी, भिंतीला लागून नव्या मोटरी ओळीनं, एकीवरही ओरखडा नाही. मी दारात थोडा वेळ उभी राहिले. पावलं टाकावीशी वाटेनात, चप्पल मळकी होती.

आम्ही सहा जण. पाच पुरुष, दोघांकडं आयटीआयचं सर्टिफिकेट, एक लातूरहून आलेला. सर्वांत मोठे साहेब म्हणजे शिवशंकर सर, इंजिनिअर, वयानं माझ्याहून लहान. त्यांनी प्रत्येकापुढं एक रिकामी मोटर ठेवली. तार आधीच काढून टाकलेली, पाटीही काढलेली. म्हणाले, तीन एचपी, तीन फेज. बाकी तुम्ही शोधा आणि भरा.

जुनी तार असली तर फेरे मोजता येतात. इथं मोजायला काही नाही. बाकीच्यांनी फोन काढले, कुणी आपल्या उस्तादाला लावला, कुणी मोबाईलवर शोधायला लागला. मी मोटरीच्या आत हात घातला. बोटांनी गोलाई बघितली, मग टेपनं. खाचा मोजल्या, चोवीस. ही गोलाई माझ्या ओळखीची होती. किट्टी आडगावची एक मोटर, चौथ्या वहीत, बरोबर एवढीच होती, फक्त आतली पत्र्यांची थप्पी लांब होती. थप्पी लांब तर फेरे कमी, थप्पी आखूड तर फेरे जास्त. हे मला कुणी सांगितलं नाही, वह्या बघून बघून कळलं. त्या हिशेबानं फेरे काढले, तार एक नंबर बारीक घेतली.

बाकीचे जेवायला गेले. माझा रोजा होता, मी गेले नाही, तो तास मला मिळाला. शिवशंकर सर मध्येच येऊन माझ्या मागं उभे राहिले. नंतर कळलं की ते बराच वेळ उभे होते.

चार वाजता मोटरीचं झाकण बसवलं, जोडणी केली. त्यांनी स्वतः मीटर लावला. तिन्ही तारांत करंट सारखा. काटा थरथरला नाही. मोटर एकसारखी फिरत राहिली. लातूरवाला आपलं काम सोडून माझ्या टेबलापाशी येऊन ऐकत उभा होता.

मग सर माझं पान हातात घेऊन बसले. म्हणाले, फेरे कसे काढले? मी किट्टी आडगावचं सांगितलं. ते म्हणाले, हा नियम पुस्तकात आहे, तुम्ही वाचलाय? मी म्हणाले, नाही. पुस्तकात आहे हे ऐकून मला कसंतरीच झालं. जे मी पत्र्याच्या दुकानात वार्निशच्या वासात शोधलं, ते कुणीतरी आधीच शोधून पुस्तकात लिहून ठेवलं आहे, आणि दोघांचं उत्तर एकच आलं. त्या माणसाला मी भेटले नाही, तरी त्यानं मला ओळखल्यासारखं वाटलं.

इफ्तारला बसमध्ये होते. शेजारच्या बाईनं पाणी दिलं. माझ्या हातात बाटली धरवेना, बोटं आखडली होती. मग हसू आलं, आणि मग जिनतच्या अब्बांचे हात आठवले, आणि हसू गेलं.


मंगळवार, १७ मार्च

निवड झाली. वाइंडिंग विभाग प्रमुख. एक एप्रिलपासून.

जिनतनं मोबाईलवर पत्र दाखवलं. मी सहा वेळा वाचलं. जिनतच्या अब्बांनी फोन हातात घेऊन अक्षरं मोठी केली आणि ओठ हलवत वाचलं. मग बाहेर गेले. परत आले ते तासाभरानं. स्टँडवर जाऊन बीडच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा उतरवून आणल्या होत्या. तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि म्हणाले, साडेसातची गाडी भरलेली असते, सव्वासातची धर.

मी विचारलं, दुकानाचं काय करायचं? ते म्हणाले, बोअरमधून मोटर काढायला हात लागत नाहीत, दंड लागतात. ते अजून आहेत.


शनिवार, २८ मार्च

ईद होऊन आठवडा झाला. चार दिवस राहिले आहेत. वाटलं होतं आवराआवर करू, टेबल पुसू, वह्या बांधून ठेवू.

सकाळी शटर उघडलं तर समोर रस्त्याच्या कडेला मोटरी. ओळीनं. कुणी बैलगाडीतून आणलेल्या, कुणी टेम्पोतून, एक तर मोटरसायकलच्या मागं दोरीनं बांधून. मी मोजल्या, सतरा. मी म्हणाले, एवढ्या एकदम कशा जळाल्या? वीज गेली होती का?

तालखेडचा एक जण म्हणाला, जळाली न्हाई, बरी हाय. तुम्ही जायच्या आधी एकदा नवी भरून ठेवा म्हणून आणली. दुसरा म्हणाला, माझीपण चालूच आहे. सतरांत जळालेल्या तीनच निघाल्या. बाकीच्या सगळ्या चालू मोटरी, माणसांनी आपली उभी पिकं एक-दोन दिवस तहानलेली ठेवून बोअरमधून वर काढून आणलेल्या. मी दारातच बसले.  जिनतचे अब्बा स्टुलावर बसून एकेकाला समजावत होते, अरे चार दिवसांत सतरा होत नाहीत, बीड काय लांब नाही, तिकडं न्या, तिथं ह्याच बसणार आहेत.

दहाच्या सुमारास राधाकिशन आले. टेम्पोतून मोटर पायानं खाली ढकलली, ती रस्त्यावर दणकन पडली. माझ्याकडं बघितलं नाही. जिनतच्या अब्बांकडंही नाही. मी विचारलं, काय झालंय हिला?

“काई झालं न्हाई. चालू हाय. बीडला नेली ती दुसरी.”

मी म्हणाले, मग कावून आणली?

ते रस्त्याकडं बघत म्हणाले, “चालू हाय, पर कुणाच्या हातची हाय ते म्हाईत न्हाई.”

मी पाना घेतला आणि तिथंच, रस्त्यावर, तिची मागची बाजू उघडली. तार अजून चकचकीत. टोकं बांधलेली दोरी बघितली. बाकीचे दोरी सरळ गुंडाळतात. मी दोन वेढ्यांनंतर एकदा उलटी घेते, सुटू नये म्हणून. ती उलटी घेतलेली होती. प्रत्येक ठिकाणी.

मी म्हणाले, “ही माझ्याच हातची हाय. घेऊन जा.”

राधाकिशन वाकले. त्यांनीही बघितलं, त्यात त्यांना काय कळलं असेल माहीत नाही. झाकण मी परत बसवलं. त्यांनी टेम्पोवाल्याला हात लावू दिला नाही. मघाशी जी पायानं ढकलली होती ती मोटर त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरून उचलली, टेम्पोत आडवी ठेवली, आणि स्वतःचा टॉवेल घडी करून तिच्याखाली घातला.